वर जायचं सामान

वहिनीच्या दुकानात ते जॅकेट आलं तेव्हा तिने मालकाकडे पाहिलंच नाही, आधी कापडाकडे पाहिलं. सवयच तशी. दोन मशिनी, एक वाफेची इस्त्री आणि खिडकीच्या कठड्यावर रांगेने मांडलेली रिळं, एवढ्या संसारात बावीस वर्षं ती खालच्या रस्त्यावर डोंगरात जाणाऱ्यांचे कपडे सांधत आली होती. कपडा कुठे फाटलाय ते बघून काय घडलं असेल ते ती सांगायची. पँट घोट्यापाशी आतल्या अंगाने कापली गेली असेल, तर दुसऱ्या पायातल्या स्कीची धार लागली. बाहीला वाटाण्याएवढं वितळलेलं भोक असेल, तर स्टोव्हशी सलगी झाली. बसायच्या जागी घासलं असेल, तर माणूस खाली कसा आला ते विचारायचं नाही, मुकाट्याने ठिगळ लावून द्यायचं.

हे जॅकेट फाटलेलं नव्हतं. ते कापलेलं होतं. गळ्यापासून खालपर्यंत चेनच्या कडेने आणि दोन्ही बाह्या मनगटापासून काखेपर्यंत, उभ्या, घाईघाईत.

"हे कुणी केलं?" वहिनीला रागच आला. चांगल्या कापडावर अशी कात्री चालवणाऱ्याला तिने दारात उभं केलं नसतं.

"डॉक्टरांनी," समोरचा माणूस म्हणाला. शाळेत गणित शिकवायचा तो, चाळिशीचा, बारीक अंगाचा. "अंगातून सोडवत बसायला वेळ नव्हता. अकरा मिनिटं बर्फाखाली होतो मी."

वहिनीने चष्मा काढला. बस चुकली हे सांगावं तसं त्याने सगळं सांगितलं. उतार एकदम सुटला. मग अंधार. बोटसुद्धा हलवता येईना, जणू कुणी अंगाभोवती प्लास्टर ओतलं होतं. बरोबरच्या दोघांनी शोधून, खणून काढलं. "आता ठणठणीत आहे. सांधता येईल का हे? पुढच्या महिन्यात पुन्हा वर जायचंय."

"पुन्हा?"

"हो."

"अहो, पण कशाला?"

गणिताच्या मास्तरांनी तोंड उघडलं. हात थोडासा वर नेला, हवेतच थांबवला आणि खाली सोडला. "तुम्ही कधी गेला नाहीत ना?" त्यांनी विचारलं. त्यात कुचेष्टा नव्हती. "मग कसं सांगू?"

चार दिवस खपून वहिनीने जॅकेट सांधलं, आतून पट्ट्या चिकटवल्या, नवी चेन बसवली. मास्तर खूश होऊन घेऊन गेले. वहिनीच्या डोक्यातला भुंगा मात्र जाईना. जो डोंगर आपल्याला गिळून बसला होता, त्याच्याकडे माणूस पुन्हा हौसेने जातो, म्हणजे तिथे आहे तरी काय? स्की तिलाही येत होतं. गावातल्या सगळ्यांसारखी तीही माणसांना वर नेणाऱ्या लिफ्टच्या शेजारच्या, यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर शिकली होती, आणि रविवारी नीटनेटकी वळणं घेत खाली यायची. पण लिफ्ट संपते तिथे एक दोरी बांधलेली होती. त्या दोरीपलीकडे ती कधी गेली नव्हती.

तिची नणंद मात्र बारा महिने त्या दोरीपलीकडेच असायची. नणंद लोकांना डोंगरात नेणारी वाटाडी होती. पाच फूट दहा इंच उंची, दार अडेल असे खांदे, आणि घरात सगळे तिला चिमी म्हणत. जखमी माणसाला पाठीवर घेऊन हिमनदी उतरलेल्या बाईला चिमी म्हणताना पाहुण्यांना हसू यायचं. घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

रविवारी ती जेवायला आली तेव्हा वहिनी म्हणाली, "चिमे, मला वर ने."

चिमीचा घास तोंडातच राहिला. चिमीचा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, शाळेची बस चालवायचा. त्याने बायकोकडे आरशात मागची गाडी बघावी तसं पाहिलं.

"लिफ्टने?" चिमीने विचारलं.

"लिफ्टने जायला तू कशाला हवीस? पायाने."

चिमीने तिला नीट न्याहाळलं. पन्नाशीची, बुटकी, मशिनवर बसून पाठ थोडी वाकलेली, पण रोज तीन मजले चढून घरी येणारी. "नेते," ती म्हणाली. "पण सामान मी सांगेन तेच. आणि मी मागे फिर म्हटलं की फिरायचं, तेव्हा मोठी वहिनी आहे म्हणून ऐकून घेणार नाही."

"बरं, वन्सं," वहिनी म्हणाली. चिमीला चिडवायचं असलं की ती वन्सं म्हणायची.

बुधवारी दोघी सामान घ्यायला गेल्या. दुकान म्हणजे एके काळचं गॅरेज होतं. छताच्या लोखंडी कांबीपर्यंत स्की उभ्या केलेल्या, आत मेणाचा आणि नव्या रबराचा वास. बूट बसवून देणारा म्हातारा एका ठेंगण्या स्टुलावर बसला होता. सगळे त्याला बूटवाले काका म्हणत. वहिनीने आल्या आल्या खिडकीतल्या गुबगुबीत निळ्या जॅकेटला हात घातला.

"ते शेवटी," चिमी म्हणाली. "आधी पाय."

काकांनी तिला मोजे काढायला लावले. पाय हातात घेऊन त्यांनी तो उलटसुलट पाहिला, वहिनी कापड पाहते तसाच. "ताई, उजवा पाय मशिनवर असतो ना दिवसभर? डाव्यापेक्षा रुंद झालाय." वहिनी थक्क झाली. तिच्या नवऱ्याला हे सत्तावीस वर्षांत दिसलं नव्हतं.

त्यांनी बुटाचं आतलं मऊ अस्तर काढलं आणि नुसत्या कडक कवचात तिला उभं केलं. टाचेमागे बोट घालून पाहिलं. "एक बोट मावलं, म्हणजे ठीक. दोन मावली तर वर जाऊन रडाल." मग अस्तर भट्टीत तापवून पायावर बसवलं आणि ते थंड होईपर्यंत तिला जागचं हलू दिलं नाही. "आखूड बूट पायाला चावतो, हे सगळ्यांना कळतं. सैल बूट त्याहून वाईट. चढताना टाच हजारदा उचलायची असते, हजारदा घासते. दुपारपर्यंत कातडी गेलेली असते."

"टाच उचलायची?"

चिमीने एक स्की आडवी ठेवून दाखवलं. लिफ्टवाल्या स्कीत बूट पुढे-मागे दोन्हीकडे जखडलेला असतो. हिच्यात बूट फक्त चवड्यापाशी दोन खिळ्यांवर टेकत होता आणि टाच बिजागरीसारखी वर-खाली होत होती. वर पोचलं की टाचही अडकवायची आणि खाली यायचं.

"पण उतारावर चढताना स्की मागे घसरणार नाही?" वहिनीने विचारलं.

चिमीने कोपऱ्यातून लांबलचक पट्ट्यांची गुंडाळी आणली आणि तिच्या हातात दिली. "हात फिरव."

वहिनीने हात फिरवला आणि तिचे डोळे मोठे झाले. मखमल! एका दिशेने तळहात लोण्यावरून जावा तसा गेला. उलट फिरवला तर लव उभी राहिली, हात जागच्या जागी अडला. पट्टीच्या पाठीला डिंकासारखं काहीतरी होतं, ते स्कीच्या तळाला चिकटायचं. बस, एवढंच. पुढे सरकवली की सरकते, मागे घसरायला लागली की लव बर्फाला धरते.

"एवढ्यावर माणसं डोंगर चढतात?" ती हळूच म्हणाली. मखमलीची लव कुठल्या बाजूला आहे हे बघून कापड बेतायचं, हे तिला तिच्या आईने दहाव्या वर्षी शिकवलं होतं. लव उलटी गेली तर झगा डागाळल्यासारखा दिसतो, एवढाच तिचा त्या लवेशी संबंध. त्याच लवेवर माणसाचं सगळं वजन तोलतं, हे तिने स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. ती कितीतरी वेळ ती पट्टी कुरवाळत उभी राहिली. शेवटी काकांनी खाकरून विचारलं, "ताई, घेणार की पाळणार?"

कपड्यांपाशी मात्र वहिनी कुणाचं ऐकेना. जॅकेट उलटं करून तिने शिवणीवरच्या पट्ट्या नखाने उचकटून पाहिल्या, काखेतल्या चेनी दहादा वर-खाली केल्या, एक भारीतलं जॅकेट टोपीच्या जोडापाशी पाणी घेईल म्हणून बाजूला ठेवलं. काका बघतच राहिले. आत लोकरीचा बनियन, त्यावर पातळ ऊबदार थर, सगळ्यांवर वारा अडवणारं कवच, असं चिमीचं गणित होतं. "चढताना भट्टी पेटते, थांबलीस की बर्फ होतेस. काढता-घालता आलं पाहिजे. तुझं ते निळं गुबगुबीत फक्त थांबल्यावर घालायला. सुती काहीही नको, घाम धरून ठेवतं."

कवचासाठी वहिनीने राखाडी रंग निवडला होता. चिमीने तो टांगून ठेवला आणि भडक नारिंगी काढलं.

"या वयात नारिंगी?"

"बर्फात दिसायला हवीस."

"कुणाला?"

"मला," चिमी म्हणाली आणि फावडी बघायला वळली.

फावडं तिने धातूचंच घेतलं. हिमस्खलनाचा बर्फ थांबला की सिमेंटसारखा होतो, प्लॅस्टिकचं पातं मोडतं, ती म्हणाली. शिवाय घडीची लांब सळई, बर्फात टोचून खाली माणूस आहे का ते बघायला. आणि छातीला बांधायचं बीकन, सतत 'मी इथे आहे' असं सांगत राहणारं आणि दुसऱ्याचं तेच सांगणं ऐकू शकणारं यंत्र. काकांनी जुनं एक स्वस्तात देऊ केलं. चिमीने मान हलवली. "बाकी सगळं जुनं चालेल. हे नाही."

सगळं घेऊन दोघी घरी आल्या. दादाने दार उघडलं, सामानाचा ढीग पाहिला आणि म्हणाला, "अरे वा, वर जायचं सामान आणलं वाटतं!"

"अहो, शुभ बोला की!" वहिनी म्हणाली. मग तिघेही इतके हसले, की शेजारणीने खिडकी उघडली.

पुढचे दोन आठवडे दुकान बंद झालं की घरामागच्या बर्फाच्या मैदानात तालीम चालायची. दादा जुन्या कपड्यांच्या पोत्यात बीकन लपवून ते पुरायचा आणि वहिनीने शोधायचं. यंत्रावर बाण आणि आकडा दिसायचा. आकडा कमी होत गेला की जवळ येतोय. पहिल्या दिवशी तिला पोतं काढायला एकवीस मिनिटं लागली. खणून खणून हाताला फोड आले, कमरेत उसण भरली. चिमी घड्याळ घेऊन नुसती उभी होती.

"मदत कर की!"

"मी पोत्यात आहे," चिमी म्हणाली.

वहिनीचं फावडं हातातच थांबलं. तोवर तिची समजूत होती, की हे सगळं सामान आपण आपल्या जिवासाठी घेतलंय. आता तिच्या ध्यानात आलं. तिच्या पाठीवरचं फावडं तिला कधीच उपयोगी पडणार नव्हतं, सळईही नाही. तिचा जीव चिमीच्या पिशवीत असणार होता आणि चिमीचा तिच्या.

"म्हणजे तू माझ्या भरवशावर वर येणार?" तिने विचारलं.

"मग? दुसरं कोण आहे तिथे?"

या नणंदेने आयुष्यात तिच्या हातचा चहासुद्धा कधी भरवशाने घेतला नव्हता. साखर जास्त पडते म्हणून स्वतः करून प्यायची. वहिनीने पोतं पुन्हा पुरायला लावलं. शेवटच्या दिवशी तिने ते सहा मिनिटांत बाहेर काढलं. चिमीने घड्याळ खिशात टाकलं आणि म्हणाली, "शनिवारी जाऊ."

शनिवारी उजाडता उजाडता दादाने त्यांना बसने रस्ता संपतो तिथे सोडलं. चिमीने दोघींची बीकनं एकमेकींना ऐकवून पाहिली आणि निघाल्या. पहिला तासभर वहिनीला फक्त स्वतःचा श्वास आणि मखमलीची बर्फावरची सरसर ऐकू येत होती. स्की उचलायची नाही, सरकवायची. चिमीने शंभरदा सांगितलं तेव्हा पायांना पटलं. उतार चढा झाला. प्रत्येक पावलाला वाटायचं, आता मागे जाणार, आणि प्रत्येक पावलाला लव धरायची. झाडं विरळ झाली. अंगात भट्टी पेटली, काखेतल्या चेनी उघडल्या, टोपी खिशात गेली.

मग झाडं संपली आणि वहिनी उभीच राहिली.

समोर एक प्रचंड पांढरी परात आडवी पसरली होती, तिन्ही बाजूंनी कड्यांनी धरलेली. त्यावर कुणाच्या पायाचा, पंजाचा, चोचीचा एक ठसा नव्हता. ऊन नुकतंच एका काठावर आलं होतं आणि तिथला बर्फ गुलाबी, मधला निळा, सावलीतला जवळजवळ जांभळा दिसत होता. आवाज नव्हता. गावात रात्रीसुद्धा काही ना काही गुणगुणत असतं. इथे कानाला धरायला काहीच नव्हतं. वहिनीला आपण देवळात चप्पल घालून शिरलो असं काहीतरी वाटलं आणि ती नकळत कुजबुजली, "चिमे, यातून जायचं आपण?"

"बघते," चिमी म्हणाली आणि फावडं काढून कडेच्या एका छोट्या उतारावर खणायला लागली.

कमरेएवढा खड्डा झाला. त्याची भिंत तिने फावड्याने तासली आणि त्यातून एक खांब सुटा केला. वहिनी वाकून बघू लागली. भिंतीत थर होते, एकावर एक: वरचा घट्ट, दाट, मधे साखरेसारखा भुसभुशीत, बोट लावलं की ओघळणारा, खाली पुन्हा कडक. तिला सांगायची गरजच पडली नाही. "वरच्या कापडाला आणि अस्तराला जोडणारे टाकेच नाहीत," ती म्हणाली.

चिमीने वर पाहिलं. "पंचवीस वर्षं लोकांना समजावतेय," ती म्हणाली, "इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही." तिने खांबावर फावडं ठेवून मनगटाने दहा टपल्या मारल्या. मग कोपरापासून एक, दोन. दुसऱ्या टपलीला वरचा सगळा ठोकळा टेबलावरून पुस्तक घसरावं तसा सुटून खड्ड्यात आला.

"नाही जायचं," चिमी म्हणाली.

वहिनीला रडूच आलं. एवढं सुंदर, एवढं कोरं, आणि दोन टपल्यांवर नाही. "कडेकडेने गेलो तर?" ती म्हणाली, आणि लगेच तिला आपला शब्द आठवला. "बरं. फिर म्हणशील तिथे फिरू."

त्या परत झाडांच्या रांगेने, बाजूच्या रुंद सोंडेवरून चढल्या. तिथे उतार मंद होता आणि खडक वर आलेले होते. दहाच्या सुमाराला त्या सोंडेच्या माथ्यावर पोचल्या. वहिनीने निळं गुबगुबीत अंगावर चढवलं, पिशवीवर बसली आणि उकडलेलं अंडं सोलायला घेतलं. परात आता खाली, उजव्या हाताला होती. पलीकडच्या कड्याच्या कडेवर वाऱ्याने साठवलेल्या बर्फाचे सज्जे लोंबत होते, घराएवढाले. त्यांच्यावर आता ऊन चढलं होतं.

त्यातला एक सुटला.

आधी आवाज आलाच नाही. एक तुकडा, पाव मोडावा तसा, कड्यापासून वेगळा झाला आणि खाली पडला. तो पडला तिथून एक काळी रेघ धावत निघाली. परातीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डोळ्यांना गाठता येणार नाही इतक्या वेगाने, जणू कुणी अदृश्य कात्रीने तो अख्खा डोंगर कापत गेलं. रेघेखालचं सगळं क्षणभर जागच्या जागी थांबलं. मग ते चालायला लागलं. अख्खा उतार, एकसंध, आणि मग त्याच्या फरश्या झाल्या, फरश्यांचे ठोकळे, ठोकळ्यांचा धूर. आणि तेव्हा आवाज पोचला. कानात शिरण्याआधी तो बसल्या जागेतून, हाडांतून वर आला.

धुराचा ढग परातीचा तळ ओलांडून त्यांच्या सोंडेवर चढू लागला. चिमीने तिचा खांदा दाबून धरला. "इथवर नुसती हवा येईल. डोळे मीट." वाऱ्याचा एक थंड तडाखा आला, तोंडावर पिठासारखा बर्फ बसला. मग सगळं थांबलं.

वहिनीने डोळे उघडले. हातात अर्धं सोललेलं अंडं होतं, त्यावर बर्फ. मघाशी जिथे उभं राहून ती 'कडेकडेने' म्हणाली होती, तिथून खालची सगळी जागा उघडी पडली होती. करडा खडक आणि मळलेल्या बर्फाचे ढिगारे. तिला भीती वाटायला हवी होती. वाटली ती नंतर, घरी. आत्ता तिच्या छातीत एवढं काहीतरी मोठं भरलं होतं, की भीतीला शिरायला फट नव्हती. इतका वेळ ते तिथे शांत पडून होतं. सकाळच्या गुलाबी उन्हात, एकही ठसा नसलेलं. आणि त्याच्या पोटात हे होतं.

"रडतेयस," चिमी म्हणाली.

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. तिने डोळे पुसले नाहीत.

चिमीने वायरलेस काढला आणि हिमस्खलनांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राला कळवलं: कोणत्या दिशेचा उतार, किती वाजता, कशाने सुटला, कुणी अडकलेलं नाही. "आकार तीन," ती शेवटी म्हणाली.

"कितीपैकी?" वहिनीने विचारलं.

"पाच."

वहिनी चिमीकडे बघत राहिली. मग त्या उघड्या पडलेल्या डोंगराकडे. "म्हणजे याच्याहून मोठे दोन आहेत?"

"आहेत."

"पाच कसा असतो?"

"मी नाही पाहिला," चिमी म्हणाली. "ज्याने पाहिला अशा एकाला भेटलेय. तो फार बोलत नाही."

वहिनीने मान हलवली. तिला त्या माणसाचं न बोलणं पूर्ण समजलं. तिने अंड्यावरचा बर्फ फुंकला आणि ते खाल्लं. तिला खूप भूक लागली होती.

खाली जायची वेळ झाली. त्यांनी स्कीच्या तळाच्या पट्ट्या ओढून काढल्या, घडी करून जॅकेटच्या आत छातीशी ठेवल्या, टाचा अडकवल्या. चिमीने झाडांमधला मंद उतार दाखवला. "मी पुढे जाते. शंभर मीटरवर थांबते. मी हात वर केला की तू ये. एका वेळी एकच."

चिमी गेली आणि तिच्यामागे एक नागमोडी रेघ राहिली. खाली तिने हात वर केला. वहिनीने काठ्या टेकल्या आणि सुटली. दाबलेल्या उतारावर पायाखाली नेहमी काहीतरी खरखरायचं. इथे काहीच नव्हतं. गुडघ्यापर्यंत बर्फ होता आणि तो बाजूला होत होता, आवाज न करता, तिला वाट देत. ती वळली, पुन्हा वळली, एकदा तोल गेला आणि सावरला. मघाशी ज्याने अख्खा उतार उचलून फेकला, त्याच बर्फाने तिला इतकं अलगद धरलं होतं, याचा मेळ तिला काही केल्या लागेना. तो लावायचा प्रयत्न तिने मधेच कुठेतरी सोडून दिला.

चिमीच्या शेजारी थांबली तेव्हा तिला धाप लागली होती. तिने मागे वळून वर पाहिलं. दोन रेघा होत्या, एक सफाईदार, एक अडखळलेली.

"कसं वाटलं?" चिमीने विचारलं.

वहिनीने तोंड उघडलं, मिटलं आणि खालच्या झाडांकडे काठी दाखवली.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी हाताची वाट बघते."